आधीं बळ, मग स्प्रिंग

शाळामास्तराच्या तोंडीं कांहीं वाक्यें इतकीं बसून गेलेलीं असतात कीं, तीं उच्चारतांना त्यांच्या अर्थाकडे त्याचें स्वतःचेंही लक्ष राहत नाहीं. 'स्वावलंबनासारखें दुसरें सुख नाहीं' हें असेंच एक वाक्य. पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत तें मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. परंतु गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं आमच्या वाड्याच्या चौकांत बाजेवर बसून मीं तें उच्चारलें, आणि त्यानंतर थोड्याच वेळांत जें घडलें, त्यामुळें तें वाक्य पुन्हां तोंडांतून काढण्यापूर्वीं मी थोडा थांबूं लागलों आहें. हकीकत मोटारीच्या एका स्प्रिंगची आहे. ज्या घरांत मोटार आहे व हौशी तरुण मुलगा आहे, त्या प्रत्येक घरीं ती घडण्यासारखी असल्यामुळें, स्वतःचा कमीपणा बाजूस ठेवून ती येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें कुटुंब एकत्र. धाकटे बंधु, त्यांची मुलें, माझा मुलगा, सून व नात, अशीं आम्ही बारा माणसें एका चुलीवर जेवतों; आणि बारा माणसांत मिळून मोटार एकच, तीही जुनी. खड्डा आला कीं तिच्या पुढल्या डाव्या चाकाशीं 'खट्' असा आवाज येऊं लागला. पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्यानें खालीं वांकून पाहिलें आणि निदान केलें कीं, स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला आहे. निदान बरोबर होतें. गॅरेजांत विचारतां मजुरीचा आंकडा त्यास फार वाटला. म्हणून नाना पेठेंतून दोन नव्या स्प्रिंगा आणून हें काम आपण घरींच करावें, असें त्यानें ठरविलें. चाक काढलें, स्प्रिंग ज्या दांड्याभोंवतीं बसविलेली असते तो संबंध स्ट्रट उतरविला, आणि चौकांतील फरशीवर आणून ठेवला. येथवर त्याचें कांहीं चुकलें नव्हतें.

यापुढें स्प्रिंग दाबून धरणारें एक हत्यार लागतें. कारागीर त्यास स्प्रिंग कंप्रेसर म्हणतात. तें घरीं नव्हतें. पुतण्यानें झोपाळ्याची नायलॉनची दोरी सोडून आणली, बांधकामाची तार आणली, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांशीं घट्ट जखडून टाकले. नंतर तो स्ट्रटच्या माथ्यावरील मधला नट सोडवूं लागला. माझी सात वर्षांची नात त्याच्या शेजारीं उकिडवी बसून त्यास एकेक पाना देत होती. तें दृश्य पाहून मला मोठा आनंद झाला, आणि वर सांगितलेलें वाक्य मीं उच्चारलें. एवढ्यांत स्वयंपाकघरांतून तिच्या आजीनें हांक मारली, "अगं, पुरे झालं ते! हात धुऊन घे, पानं मांडायची आहेत." नात उठून आंत गेली.

ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोंच चौकांत बार उडाल्यासारखा आवाज झाला. स्ट्रटच्या माथ्यावरची लोखंडी बैठक वर उडून सज्जाच्या कठड्यावर आदळली व कठड्याचे दोन गज मोडून खालीं पडली. तुटलेल्या तारेचें टोंक पुतण्याच्या मनगटास चाटून गेलें आणि रक्ताची धार लागली. नात जेथें बसली होती, त्या फरशीवर स्प्रिंग आडवी पडून अजून डुलत होती.

मनगटाची जखम चार टांक्यांवर भागली. परंतु त्या दिवशीं पानें वाढलेलीं तशींच राहिलीं. बंधु मला एका शब्दानेंही बोलले नाहींत, आणि त्यांचें तें न बोलणेंच मला फार लागलें. मुलास थांबवून 'हें काय करतोस?' असें विचारण्याचें काम घरांतील वडील माणसाचें. मीं तें न करतां त्यास सुभाषित ऐकविलें होतें.

दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी बोलावल्यावरून आला. त्याचें गॅरेज आहे. संस्कृतांत मीं त्यास दोनदां अनुत्तीर्ण केलें होतें. ही गोष्ट तो विसरला असावा, मी विसरलों नाहीं. त्यानें तुटलेली दोरी हातांत घेऊन पाहिली, मोडलेले गज पाहिले, आणि पुतण्यास रागें न भरतां एवढेंच म्हणाला, "अरे बाबा, आधी स्प्रिंग काढायची नसते. आधी तिचं बळ काढायचं. मग स्प्रिंग आपोआप हातात येते." नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, जिथं बळ काढायला वाट नाही, तिथं हत्याराशिवाय हात घालायचा नाही. आमच्या धंद्यात एवढंच व्याकरण." हें व्याकरण मीं त्या आठवड्यांत त्याच्याकडून नीट समजून घेतलें. पुढील विवेचन त्याचेंच आहे. मांडणी मात्र माझी.

स्प्रिंगच्या अंगीं असलेल्या ह्या बळाची ओळख आपल्या शास्त्रकारांना नव्हती असें नाहीं. न्याय-वैशेषिक परंपरेंत जे गुण मोजले आहेत, त्यांत 'संस्कार' नांवाचा एक गुण आहे, आणि त्याचे तीन प्रकार मानले आहेत: वेग, भावना व स्थितिस्थापक. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत हा विभाग येतो. एखाद्या वस्तूची स्थिति पालटली असतां तिला पुन्हां पूर्वस्थितीस आणणारा जो गुण, तो स्थितिस्थापक. आणि त्याच्या उदाहरणांत चटईचें नांव येतें. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडावी, तों ती आपली आपण पुन्हां गुंडाळूं पाहते, हा अनुभव घरोघरचा आहे. मराठी शास्त्रीय ग्रंथांत रूढ असलेला स्थितिस्थापकता हा शब्द ह्याच कुळांतला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, स्मृतीस कारण होणारी जी भावना, तीही ह्याच संस्काराचा दुसरा प्रकार होय. मनास जशी गेल्या गोष्टीची आठवण, तशी पोलादास आपल्या मूळ लांबीची आठवण. हें सर्व मीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतलें. पण चटईवरून पोलादाकडे माझी दृष्टि कधीं गेली नाहीं.

युरोपांत ह्या गुणास माप लावण्याचें श्रेय रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जातें. १६७६ सालीं त्यानें आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कूटरूपानें छापला आणि १६७८ सालीं त्याची फोड प्रसिद्ध केली. नियम साधा आहे: स्प्रिंग जितकी दाबावी अथवा ताणावी, तितक्याच प्रमाणांत तिचा रेटा वाढत जातो. ह्यावरून आपल्या चौकांत काय झालें, त्याचा हिशेब मांडतां येतो.

समजा, लहान मोटारीच्या पुढल्या चाकाची स्प्रिंग अशी आहे कीं, ती १ सेंटिमीटर दाबण्यास २० किलोंचा भार लागतो. ह्या आकाराच्या गाड्यांत हें माप अवास्तव नाहीं. गाडी उभी असतां त्या स्प्रिंगवर ३०० किलो भार असेल, तर ती १५ सेंटिमीटर दबलेली असते. गाडी उचलून चाक अधांतरीं केलें म्हणजे ती सैल झाली, असें पाहणारास वाटतें. तें खरें नव्हे. तेव्हांही ती स्ट्रटच्या दोन बैठकींमध्यें कोंडलेली असते. तशा स्थितींत ती ८ सेंटिमीटर दबलेली राहिली असें धरलें, तर तिचा रेटा १६० किलो, म्हणजे दोन धट्टयाकट्ट्या माणसांच्या वजनाइतका होतो. रेटा शून्यापासून वाढत गेला असल्यामुळें सरासरी ८० किलो धरावयाचा, आणि अंतर ८ सेंटिमीटर. गुणाकार केला असतां, १ किलो वजनाची वस्तु ६.४ मीटर उंच फेंकण्याइतकी शक्ति तींत सांठलेली निघते. सुटतांना त्या वस्तूचा वेग तासास सुमारें ४० किलोमीटर पडेल. दुमजली वाड्याचें छप्पर ह्याहून फारसें उंच नसतें.

दाब दुप्पट केला असतां सांठलेली शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते, हेंही ध्यानांत ठेवावें. गाडीच्या भाराखालीं १५ सेंटिमीटर दबलेल्या ह्याच स्प्रिंगमध्यें २२.५ किलोग्रॅम-मीटर शक्ति असते. पाण्यानें भरलेला १५ किलोंचा हंडा दीड मीटर उंचीवरून पायावर पडावा, तेवढीच ती भरते. हंडा डोईवर घेऊन चालणाऱ्या बाईच्या वाटेंतून आपण मुलांस दूर करतों; स्प्रिंगच्या वाटेंतून करीत नाहीं, कारण ती स्थिर असते व निरुपद्रवी दिसते.

मग दोरीनें ती कां धरली जाऊं नये? ह्याचीं कारणें तीन. पहिलें कारण असें कीं, नट जागेवर आहे तोंवर सगळा भार नट वाहतो. दोरीवर कांहींच येत नाहीं, आणि म्हणूनच ती भक्कम दिसते. नट जसजसा वर सरकतो, तसतसा भार दोरीवर उतरत जातो आणि शेवटच्या आट्याशीं तो सर्वच तिच्यावर येतो. तिची परीक्षा अशा क्षणीं होते कीं, हात मागें घेण्यास अवसर उरलेला नसतो. दुसरें, नायलॉनची दोरी स्वतःच स्थितिस्थापक. ती ताणली जाते, गांठ सरकते, आणि तुटली म्हणजे चाबकासारखी फिरते. तार तितकी ताणली जात नाहीं. पण जेथें पिळून गांठ मारली, तेथेंच ती आधीं कमजोर झालेली असते. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. स्प्रिंग हा सरळ खांब नव्हे. मळसूत्राप्रमाणें चढत जाणारा तो वेढा आहे. त्यास बांधलेली वस्तु उतारावरून घसरत घसरत एका अंगास जाते. तें अंग आंखडलेलें राहतें, दुसरें मोकळें होतें, आणि स्प्रिंग केळ्यासारखी वांकून कुशीनें निसटते. ती कोणत्या दिशेस उडेल, हें म्हणूनच कोणास आधीं सांगतां येत नाहीं. मालवाहू गाडीवर सामान बांधण्याचे पट्टे, नळास लावण्याच्या पट्ट्या, सुताराचे शिकंजे, ह्या सर्वांची गति तीच. दबलेली स्प्रिंग ज्योतीनें किंवा कापण्याच्या चाकानें तोडून टाकण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. तोडल्यानें तिचें बळ नाहीसें होत नाहीं, तें एकदम बाहेर पडतें.

ह्यावरून हत्याराविना स्प्रिंग कधींच निघत नाहीं, असा अर्थ मात्र कोणी करूं नये. विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा: ही स्प्रिंग कशाच्या आणि कशाच्या मध्यें कोंडलेली आहे? त्याच्या उत्तरावरून पुढील सर्व ठरतें. मोटारींत साधारणतः तीन रचना आढळतात.

पहिली रचना पुष्कळ लहान गाड्यांच्या मागील चाकांस असते. तेथें स्प्रिंग स्वतंत्रपणें, गाडीचा सांगाडा वर व मागचा आंस खालीं, अशा दोहोंमध्यें बसविलेली असते, आणि शॉकअप तिच्या शेजारीं निराळा उभा असतो. आंस फार खालीं जाऊं नये म्हणून त्यास रोखण्याचें काम बहुतेक ठिकाणीं हा शॉकअपच करतो. येथें बळ काढावयास सरळ वाट आहे. सपाट व कठीण जमिनीवर पुढल्या चाकांस उटी लावावी, गाडीचा मागील भाग उचलून सांगाड्याच्या मजबूत जागीं दोन्ही बाजूंस पोलादी स्टँड द्यावे, चाकें काढावीं, आणि आंसाखालीं रुंद बैठकीचा, चाकांवर सरकणारा जॅक लावून त्यास किंचित् आधार द्यावा. नंतर दोन्ही शॉकअपांचे खालचे बोल्ट काढावे, व जॅक अगदीं सावकाश खालीं सोडावा. आंस खालीं उतरतो, स्प्रिंगा आपल्या पूर्ण लांबीस येतात, आणि हातानें हलवितां हलतील इतक्या सैल होतात. त्या तशा सैल झाल्यावांचून त्यांस हात लावूं नये. आंस उतरतांना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, इकडे एकानें सतत लक्ष ठेवावें. एवढें करूनही स्प्रिंग सैल होत नसेल, तर पहार घालून ती उचकटूं नये. त्या गाडीस हत्यार लागतें असें समजून थांबावें.

दुसरी रचना दुहेरी बाहूंची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें घराघरांत ओळखीच्या झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढल्या चाकांस ती होती, आणि मागें पोलादी पाटे होते. ह्या टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. परंतु हौसेनें जपलेल्या पद्मिनी अजून पुष्कळांच्या घरीं आहेत. अशा पुष्कळ गाड्यांत स्प्रिंग खालच्या बाहूवर उभी असून तिचा माथा सांगाड्यांत असतो. जमिनीनें चाकाच्या द्वारें जो आधार तिला दिलेला असतो, तोच चाक काढल्यावर जॅकनें द्यावयाचा, आणि मग तो हळूहळू काढून घ्यावयाचा, ही येथील युक्ति. गाडी स्टँडवर घेऊन, सरकता जॅक खालच्या बाहूखालीं चाकाच्या अंगास लावावा, व बाहू थोडा उचलला जाईल इतका तो चढवावा. स्प्रिंगच्या वेढ्यांतून एक जाड सांखळी ओंवून ती सांगाड्याशीं सैलशी बांधावी. ही सांखळी स्प्रिंग दाबण्यासाठीं नव्हे, चुकून सुटल्यास ती दूर जाऊं नये यासाठीं असते. त्यानंतरच बाहूचा सांधा मोकळा करावयाचा, आणि जॅक बोटबोट उतरवावयाचा. बाहू सरळ खालीं न जातां वर्तुळाच्या तुकड्यांतून जातो. त्यासरसा जॅकही सरकला पाहिजे, नाहीं तर बाहू त्यावरून निसटेल. म्हणून गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा लहान जॅक ह्या कामीं सर्वस्वीं वर्ज्य होय. तसेंच गाडीचें इंजिन आधींच काढलेलें असेल, तर पुढला भाग हलका होऊन जॅक स्प्रिंग दाबण्याऐवजीं गाडीच स्टँडवरून उचलील. अशा वेळीं ही रीत वापरूं नये. हें काम पुस्तक वाचून पहिल्यानेंच करण्याजोगें नाहीं. ज्यानें तें पूर्वीं केलें आहे असा माणूस शेजारीं असावा, आणि त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांत ती रीत दिलेली असावी. ह्या दोहोंपैकीं एक जरी नसेल, तरी करूं नये.

तिसरी रचना आमच्या गाडीची. अर्ल मॅक्फर्सन ह्या अमेरिकन अभियंत्यानें ती प्रचारांत आणली, म्हणून तीस त्याचें नांव पडलें. १९५० सालच्या इंग्लंडांतील फोर्ड कंपनीच्या कॉन्सल व झेफर गाड्यांनीं ती लोकांपुढें आणली; आणि आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० मुळें ती मध्यमवर्गाच्या दारीं येऊन उभी राहिली. जागा थोडी व्यापते, भाग थोडे लागतात, म्हणून लहान गाड्यांच्या पुढल्या चाकांस आज बहुधा हीच रचना असते. तींत शॉकअप व स्प्रिंग हीं एकांत एक असतात. शॉकअपच्या कमरेवर एक बैठक, माथ्यावर दुसरी, दोहोंमध्यें स्प्रिंग दाबून बसविलेली, आणि ह्या सर्वांस धरून ठेवणारा एकच नट, दांड्याच्या अगदीं शेंड्यावर. जॅक उतरवून बळ काढावें, तर येथें जॅकचा संबंधच नाहीं. स्ट्रट गाडींतून काढला तरी बळ त्याच्याबरोबरच बाहेर येतें; बांधलेली मोट विहिरींतून वर आली म्हणून रिकामी होत नाहीं, तसें. म्हणून ह्या रचनेंत हत्याराविना स्प्रिंग काढण्याची सुरक्षित रीत नाहीं. ती मुळींच नाहीं, हें मी माझ्या विद्यार्थ्याकडून तीन वेळां विचारून घेतलें, आणि तिन्ही वेळां त्यानें तेंच उत्तर दिलें. ज्या गाड्यांत मागेंही स्प्रिंग शॉकअपभोंवतीं गुंडाळलेली असते, त्यांसही हाच नियम. आणि स्कूटरच्या शॉकअपासही तोच.

तर मग घरीं काम करूं इच्छिणाऱ्यानें काय करावें? स्ट्रट स्वतः काढावा. त्यांत कांहीं चूक नाहीं. बॉनेट उघडल्यावर माथ्याशीं कडेनें जे नट दिसतात, बहुधा दोन किंवा तीन, ते सोडवावे. खालीं चाकाच्या सांध्याशीं असलेले बोल्ट काढावे. ब्रेकची नळी मोकळी करावी. मधल्या नटास मात्र स्पर्श करूं नये. गाडींत असतांना नाहीं, फरशीवर नाहीं, 'थोडासा सैल करून ठेवतों' म्हणूनही नाहीं. नंतर तो संबंध स्ट्रट व नवी स्प्रिंग रिक्षांत घालून गॅरेजांत न्यावी. तेथें कारागीर स्प्रिंग दाबून, नट काढून, नवी बसवून देतो. फक्त एवढ्याच कामाची मजुरी संबंध दुरुस्तीच्या मानानें थोडी पडते. कित्येक गाड्यांसाठीं स्प्रिंगसह जुळविलेला तयार स्ट्रटही बाजारांत मिळतो. तो घेतल्यास हा प्रश्नच उरत नाहीं. स्प्रिंगा मात्र जोडीनें बदलाव्या, आणि सर्व झाल्यावर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी.

योग्य हत्यार काय करतें, हेंही वाचकांनीं जाणून घ्यावें. साध्या प्रकारांत लांब आट्यांचे दोन बोल्ट असतात व प्रत्येकास दोन आंकडे. ते स्प्रिंगच्या समोरासमोरच्या दोन बाजूंस लावून, एकदां इकडे व एकदां तिकडे, असे थोडे थोडे आवळावे लागतात. म्हणजे वेढे सारखे जवळ येतात व कूस वांकत नाहीं. विजेच्या अथवा हवेच्या धक्क्याच्या पान्यानें ते फिरवावयाचे नसतात. त्यानें आटे खराब होतात. स्प्रिंग दोन्ही बैठकींतून सैल झाली, हातानें फिरूं लागली, म्हणजे पुरे. आणि त्यानंतरच मधला नट सोडावयाचा. गॅरेजांत भिंतीस किंवा पायावर पक्का बसविलेला मोठा प्रकार असतो, त्याचे जबडे वेढ्यास सर्व बाजूंनीं धरतात. तो अधिक चांगला. एवंच, दोरी जें काम अदमासानें करूं पाहते, तें हत्यार हिशेबानें करतें. स्वस्त, आटे झिजलेलें, उसनें आणलेलें हत्यार हेंही दोरीच समजावें.

घरांतील वडील माणसांसाठीं व गृहिणींसाठीं दोन शब्द. चौकांत गाडी उचललेली असतां लहान मुलें आंत ठेवावीं. पाने देण्यासाठीं मूल नको. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. स्प्रिंगचें काम चाललें असतां तिच्या दोन्ही टोंकांच्या समोर किंवा वरून वांकून उभें राहूं नये. डोळ्यांस चष्मा असावा. आणि सर्वांत सोपी खूण ही कीं, 'हें कशानें दाबून धरलें आहे, आणि तें काढल्यावर काय धरील?' असा प्रश्न विचारावा. करणाऱ्यास त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें नाहीं, तर काम तेथेंच थांबवावें. हा प्रश्न विचारण्यास यंत्रशास्त्र यावें लागत नाहीं. मला त्या रविवारीं तो विचारतां आला असता.

पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. मनगटाचे टांके निघाल्यावर पुतण्यानें दुसऱ्या बाजूचा स्ट्रट स्वतः उतरविला. दोन्ही स्ट्रट तो गॅरेजांत घेऊन गेला, माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारीं उभा राहून काम पाहिलें, आणि घरीं आणून स्वतःच बसविले. खड्ड्यांतील तो 'खट्' आवाज गेला. काम संपेपर्यंत नात ओसरीच्या आंतल्या बाजूस बसून होती. कठड्याचे ते दोन गज बंधु सुतारास बोलावून बसवून घेणार होते. पण ते आहेत तसेच राहूं द्यावे, अशी मींच त्यांस विनंति केली. बाजेवर बसलें असतां समोर ती मोकळी जागा दिसते, आणि मुलांस कांहीं सांगावयाचें झाल्यास त्यापूर्वीं तिच्याकडे एकवार पाहण्याची आतां मला संवय लागली आहे.